ऑक्टोबरात लाल होणारं झाड

कमलाक्षीने क्रोटनचं पान उलटं केलं, पाठीवर नख फिरवून पाहिलं आणि कुंडी परत रांगेत ठेवली.

“ह्या तर लालच आसा,” ती म्हणाली.

“मगे? तुका लालच व्हया होता मा?” नर्सरीवाली चंद्रावती पाण्याचा पाइप ओढत म्हणाली.

“लाल असलेला नको. लाल होणारा व्हया. आता हिरवा आणि ऑक्टोबरात लाल.”

“झाडाक कॅलेंडर दाखवू काय गो मी?”

तिचा नवरा कृष्णनाथ फाटकाशी स्कूटर लावून उभा होता. डिचोलीतल्या सगळ्या नर्सऱ्या सकाळपासून पालथ्या घालून झाल्या होत्या आणि सगळीकडे हेच चाललं होतं.

कारण होता निहार. लेक सिद्धीचा मुलगा. इंग्लंडात स्विंडनला जन्मला, तिथेच शाळेत जाऊ लागला, पाळी गावचं घर त्याने फोनमध्येच पाहिलेलं. जावई साईश. त्याचा आजा पोर्तुगीजांच्या राज्यात जन्मला, एवढ्या पुण्याईवर साईशला त्यांचा लाल पासपोर्ट मिळाला आणि कमलाक्षीची मुलगी तिकडे गेली. पासपोर्टाच्या रांगेत उभं राहून गेलेल्या पोरांचे आईबाप हल्ली गावोगाव आहेत. त्यांना कुणी विचारत नाही. ‘मुलगी लंडनला’ एवढं सांगितलं की लोकांच्या लेखी त्यांचं भलं झालेलं असतं.

जूनमध्ये निहार फोनवर म्हणाला होता, “आजी, आमच्याकडे ऑक्टोबरच्या सुट्टीत सगळी झाडं लाल होतात. तुमच्याकडे ऑटमच नाही. तिकडे येऊन मी काय बघू?”

सिद्धी हसली. हसून सोडून देण्यासारखंच होतं ते. पण तिकीट न काढायला दर वर्षी एक कारण लागतं, हे कमलाक्षीला कळून चुकलं होतं. एकदा साईशची नोकरी. एकदा नवं घर. गेल्या वर्षी निहारची छाती. आणि पोराच्या तोंडून आलेलं कारण तर कुणालाच मोडता येत नाही.

शेवटी चंद्रावतीनेच मागच्या रांगेतल्या रुंद पानांच्या कुंड्या पुढे काढल्या. ह्या जातीचं पान कोवळं असताना हिरवं, जून झालं की पिवळं, मग लाल.

“पण ऊन व्हया. सावलीत ठेवशीत तर हिरवाच ऱ्हवात. मगे माझ्या नावान बोंबलू नको.”

घराभोवती फणस, माड, आंबा. ऊन होतं ते फक्त रस्त्याकडच्या गडग्याला, दगडी कुंपणाला. पाऊस थोडा ओसरल्यावर कमलाक्षीने झाडं तिथे ओळीने लावली. कृष्णनाथने खड्डे खणले.

“एका पोराच्या हट्टापायी आमी आता इंग्लंड लावतो,” तो म्हणाला.

“खणा गप.”

सप्टेंबरात पानं पिवळी पडली. ऑक्टोबर लागला तशी कडेने तांबडी होऊ लागली. कमलाक्षी रोज चहाचा पेला घेऊन गडग्याशी जाई आणि पानं निरखत उभी राही. सिद्धीने तारखा विचारल्या, साईशने रजा टाकली. तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं.

आणि मग गावातली लोखंडाची खाण सुरू झाली.

इतकी वर्षं बंद होती. चालू होणार, चालू होणार असं दर निवडणुकीला ऐकून लोकांचे कान किटले होते. पावसाने उघडीप दिली आणि एका सकाळी घरापुढून भरलेले ट्रक जाऊ लागले. ताडपत्री नावाला, मागे तांबडी धूळ. कृष्णनाथ दारात येऊन उभा राहिला. दोडामार्गाहून तो इथे आला तो खाणीवर टिपर चालवायलाच. हे घर, सिद्धीचं कॉलेज, तिचं लग्न, सगळं त्या धुळीतून निघालं होतं. पाळीत धुळीला उघड शिव्या कुणी देत नाही. ज्याच्या घरात खोकला, त्याच्याच अंगणात ट्रक.

“गाडी चढार जीव काढता बघ,” तो हरखून म्हणाला. “गिअर चुकलो त्याचो.”

 कमलाक्षी नळी जोडत होती. रोज सकाळी ती पान न् पान धूत होती आणि ऊन चढेपर्यंत पुन्हा सगळं माखत होतं.

त्या रविवारी नळाला पाणी आलं नाही. फोन वाजला तेव्हा कमलाक्षी मागच्या दारी होती. कृष्णनाथने तो उचलला आणि मोठ्या कौतुकाने थेट गडग्याशी नेला.

“बघ रे निहार, आजयेन तुझ्यासाठी काय केलंहा.”

“ऑटम!” निहार ओरडला. “मम्मा, बघ! आजीकडे ऑटम आला! मागचं मोठं झाडपण लाल!”

कमलाक्षी धावत आली. तिने फोन हातात घेतला तोवर पलीकडे सिद्धी आली होती. ती पडद्याच्या अगदी जवळ वाकून पाहत होती.

“आये,” ती म्हणाली, “फणस कधीपासून लाल होऊक लागलो?”

“यंदा झालो,” कमलाक्षी म्हणाली.

गडग्यापलीकडून एक ट्रक गेला. त्याचा आवाज फोनमध्ये शिरला असणार. 

“निहारचो दम्याचो पंप अजून सुटूक नाय,” सिद्धी म्हणाली. “यंदा तिकीट नाय काढणंय, आये.”

“मी रोज धुतंय गो. दारा बंद ठेवू. ह्या आज पाणी नाय म्हणान...”

“माका म्हायती आसा तू धुतलंस ता.”

कृष्णनाथ गडग्यावर हात टेकून रस्त्याकडे बघत होता. मागे निहार कुणाला तरी आजीच्या झाडांचं सांगत होता.

“आये,” सिद्धीचा आवाज खाली आला. “मी शाळेची बस येईसर गडग्याशी उभी ऱ्हवय, तेव्हा धुळीच्या पानार नाव लिवय. याद आसा? बोटान.”

“आणि धुळीचो हात फ्रॉकाक पुसय.”

“आता लिव मा. माझा.”

कमलाक्षीने फोन डाव्या हातात धरला आणि सगळ्यांत रुंद पान निवडलं. बोट टेकलं तिथे तांबडं पुसलं जाऊन खालचं पान ओलं असल्यासारखं चमकलं. ‘सि’ लिहिता लिहिताच ती देठाशी पोचली.

“ह्येच्यार मावणा नाय गो.”

“मगे उरलेला बाजूच्या पानार लिव,” सिद्धी म्हणाली. “सावकाश. मी बघतंय.”