खराब निघालं तर

लीलाबाई आमच्या ओसरीवर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. तीच, जी घेऊन त्या वीस वर्षं आईकडे भाजीला येत. त्या पिशवीतून त्यांनी म्युच्युअल फंडाचा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि आईला म्हणाल्या, "उज्वला, हे खराब निघालं. वापस घे."

त्यांच्यामागे त्यांचा मुलगा मुकेश उभा होता. त्याला मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

मला सगळं एका क्षणात कळलं आणि आईचा असा राग आला की काय सांगू.

माझी आई गेल्या वर्षापर्यंत पुलगावच्या बाजारात भाजी विकायची. बाबा नाचणगावच्या वावरात वांगी, दोडकी, पालक पिकवायचे आणि ती विकायची. गिऱ्हाइकाच्या पिशवीत भाजी टाकताना तिचं एक वाक्य ठरलेलं होतं: "खराब निघालं तर वापस आणजा." आणि तिचा मोठा अभिमान हा, की वीस वर्षांत एकही भाजी परत आली नाही. पाहुणा आला की त्याला हे ऐकावंच लागे.

बचत गटाचा हिशेब तिने बारा वर्षं सांभाळला होता. पैसे कुठे ठेवू, हे बाया तिलाच विचारत. मग चव्वेचाळीसाव्या वर्षी तिच्या डोक्यात आलं की हेच काम रीतसर करायचं. म्युच्युअल फंड विकायच्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास. ओसरीवर तराजू टांगायची तिथे 'उज्वला आर्थिक नियोजन' अशी पाटी लागली. तिचा अभ्यास मी घेतला होता. एक नियम तर मी तिच्याकडून पोरासारखा घोकून घेतला: परताव्याची हमी द्यायची नाही. लेखी नाही, तोंडी नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. दिली आणि तक्रार झाली, की परवाना जाऊ शकतो.

लीलाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. निवृत्तीनंतर हातात आलेले दीड लाख त्यांनी आईकडे आणले. मुकेशची मुलगी काजल सहावीत आहे, तिच्या बारावीनंतरच्या नर्सिंगसाठी. सह्या झाल्या, आईने कागद त्यांच्या पिशवीत घातला आणि सवयीने बोलून गेली, "खराब निघालं तर वापस आणजा." मी तिथेच होते. त्या गेल्यावर मी तिला फाडून खाल्लं. "तोंडातून निघून गेलं व," ती म्हणाली. पुन्हा कधी नाही, असं कबूलही केलं.

आणि आता बाजार पडला होता. दीड लाखाचे एक लाख बत्तीस हजार दिसत होते.

"वहिनी," मुकेश म्हणाला, "मले जास्त बोलाचं नाई. तुमी हमी देल्ली होती का नाई, तेवढं सांगा."

प्रश्न फारच सरळ होता. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. पांढऱ्या शर्टाचा खिसा पातळ होता आणि आत मोबाइलवर लाल ठिपका चालू होता. हा माणूस रेकॉर्डिंग करत होता! आईच्या तोंडून एक 'हो' निघाला की तीन वर्षांची मेहनत त्याच्या खिशात जाणार होती.

मी टेबलाखालून आईचा पाय दाबला. ती माझ्याकडे बघेना. म्हणून मीच बोलले.

"आजी, आई असं म्हटलीच नाई. फारमावर पाहा, नुकसानीची जोखीम आहे असं छापलं आहे."

लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. अंगणवाडीत मला खिचडी भरवलेली बाई ती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंगणात बाबा मिरच्या निवडत होते, त्यांचे हात थांबले.

"पोरगी खोटं बोलून राह्यली," आई म्हणाली. "म्या म्हटलं होतं. मुकेशभाऊ, आवाज नीट येऊन राह्यला का? नाई तर पुन्हा म्हणू?"

मुकेशचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. तो चांगलाच ओशाळला, पण मागे हटला नाही. "मंग अठरा हजार भरा न."

"नाई भरत."

"म्हटलं होतं तर भराव लागन."

"अठरा हजार भरले तर माहा तो खोटा शब्द खरा होईन. नियमातही बसत नाई. अन् ते एकट्या काकूले नाई म्हटलं. साताही जणीले म्हटलं."

आतापर्यंत सात बायांनी तिच्यामार्फत पैसे गुंतवले होते. सातही जणींना! मला वाटत होतं की ते एकदाच घडलं.

"चूक माही आहे, तिचं जे होईन ते होईन," आई म्हणाली. "काकू, पैसे काढाचे असतीन तर आताच फारम भरू. एक लाख बत्तीसच्या आसपास येतीन. ठेवले तर काजलची बारावी व्हाले सहा-सात वर्षं आहेत. पण वाढतीनच, असं आता म्या म्हणणार नाई." मग तिचा आवाज बारीक झाला. "वीस वर्षं हेच म्हणत आली. एकही भाजी वापस आली नाई. मले वाटलं..."

"वापस आली नाई काऊन, माहीत आहे?" लीलाबाई म्हणाल्या.

आईने मान वर केली.

"वांगे किडके निघत. दोडके कडू निघत. मी उकिरड्यावर फेकून देत होती. तू चांगली बाई, तुह्या तोंडावर आणून कायले टाकाव? साऱ्याच बाया तसं करत." त्यांनी टेबलावरच्या कागदावर हात ठेवला. "वांगं फेकता येते, उज्वला. हे कुठं फेकू?"

आई दोनदा नापास झाली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला होता. असा नव्हता झाला.

तिने कपाटातून फॉर्म काढला. अक्षरं वाकडी आली तेव्हा दुसरा काढला. लीलाबाईंनी सगळे पैसे काढायची सही केली, रिकामी पिशवी घडी करून काखेत घातली आणि उठल्या. मुकेश त्यांच्यामागे गेला. रेकॉर्डिंग त्याच्याकडे आहे. त्याचं तो काय करणार, ते आम्हाला अजून माहीत नाही.

मला वाटलं आता ती पाटी उतरवेल. तिने बाकीच्या सहा जणींचे कागद घेतले आणि चपला घातल्या.

"आई, उन्ह उतरू दे."

"तू येणार असशीन तर चाल. खोटं बोलाचं नाई पण."

मी निघाले. पहिलं घर रुख्माबाईंचं होतं. त्या दारातच कडधान्य पाखडत होत्या. "ये व उज्वला, बस," त्या म्हणाल्या.

आई उभीच राहिली. "म्या तुमाले एक शब्द देल्ला होता, खराब निघालं तर वापस आणजा म्हणून. तो शब्द परत न्याले आली. पैशाचं तसं नसते, मी चुकीचं बोलली. अन् आधी एक सांगा मले. माह्याकडची भाजी कितीकदा फेकली?"

रुख्माबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्या आत गेल्या, पाण्याचे दोन गिलास घेऊन आल्या आणि पुन्हा सूप घेऊन बसल्या.

"लय वेळा," त्या म्हणाल्या.

तेव्हा आई बसली आणि तिने रुख्माबाईंचा कागद पहिल्यापासून वाचायला घेतला.