चार्ज घेतला म्हणा

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती, तरी इस्पितळाच्या दारात शिरलं की त्यांचं पाऊल आपोआप जिन्याकडे वळायचं. समारंभाचा हॉल होता उजवीकडे, तळमजल्यावर. सिस्टरांचा गौरव दुपारी दोनला, आणि प्रमुख पाहुण्या त्याच. पण माहेरी आलेली बाई आधी स्वयंपाकघरात डोकावते, तशा त्या आधी आपल्या जुन्या वॉर्डात गेल्या.

वॉर्डात बत्तीस खाटा आणि सिस्टर एकच. चिमणी. शिकायला आली तेव्हा इतकी बारकी होती की मेट्रनबाईंनीच तिला ते नाव ठेवलं होतं. आता डोळ्यांवर चष्मा, केस पिकलेले, वॉर्डाची इनचार्ज. पण नाव तेच राहिलं.

"अगं, दोन वाजून गेले. अजून चार्ज दिला नाहीस?"

"कुणाला देऊ बाई, भिंतीला? दुपारच्या दोघी खाली तबकं धरून उभ्या आहेत."

"कसली तबकं?"

"फुलांची. तुमच्या स्वागताला."

मेट्रनबाईंनी खाटेचा कठडा धरला. पाळी बदलताना चार्ज देणं म्हणजे काय, हे त्यांनीच तर तीन पिढ्यांना शिकवलं होतं. जाणारीने येणारीला खाटेखाटेपाशी न्यायचं. याला सकाळी ताप होता, हिची नळी बघ, हे आजोबा विचारल्याशिवाय दुखतंय म्हणत नाहीत. येणारीने स्वतः बघायचं आणि म्हणायचं, "घेतला." तो शब्द कानावर पडल्याशिवाय जाणारीने पाय हलवायचा नाही. त्या काळी काचेच्या सिरिंजा उकळाव्या लागत, पट्ट्या हाताने कापाव्या लागत, पण हा नियम कधी मोडला नाही. थोरल्या बहिणीचं लग्न लागलं तेव्हा मेट्रनबाई याच वॉर्डात येणारीची वाट बघत उभ्या होत्या. बहिणीने वर्षभर अबोला धरला.

"तू काही खाल्लंस?"

"सहाला चहा घेतलाय. त्याचं सोडा. खाली गेले नाही म्हणून मेमो येणार, त्याचं बघा. नोटीस लागलीय, समारंभाला गैरहजर राहील तिच्यावर कारवाई. पुढच्या आठवड्यात माझी बढतीची मुलाखत आहे. फाईलमध्ये मेमो लागला की संपलंच."

"सत्कार घेतला नाही म्हणून शिक्षा?"

"तर! कौतुक करून घ्या, नाहीतर बघून घेतो." चिमणी हसली आणि पंधरा नंबरची सलाईनची बाटली बदलायला धावली.

मेट्रनबाई खाली उतरल्या त्या तणतणतच. हॉलच्या दारात दोघी पोरी तबकं घेऊन उभ्या होत्या.

"ठेवा ते खाली आणि वर जा."

"पण साहेबांनी सांगितलंय, शेवटपर्यंत..." पोरीने तबक आणखी घट्ट धरलं.

स्टेजवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या देवता'. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे आणि देणगीदार. देवता मागे, भिंतीला पाठ लावून उभ्या. मोठे डॉक्टर, म्हणजे इस्पितळाचे प्रमुख, वीस मिनिटं बोलले. माया, त्याग, सदैव हसरा चेहरा. मेट्रनबाईंना वाटलं, देवता म्हटलं की किती सोयीचं! देवतेचे पाय सुजत नाहीत. देवतेला डबा खायला वेळ द्यावा लागत नाही.

मग डॉक्टरांनी त्यांच्या हातात काचेचा दिवा ठेवला, माईक पुढे केला आणि ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"मला भाषण येत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी चार्ज देते. उठा डॉक्टर, चार्ज बसून घेत नाहीत."

लोक हसले. डॉक्टरही हसत उठले.

"दारात दोघी आहेत. त्यांची ड्यूटी दोनची, आणि दोनपासून हातात तबक. वर बत्तीस रोगी. त्यांना आत्ता वर पाठवायचं. मागे भिंतीशी अकरा जणी. सकाळपासून उभ्या, आणि स्वतःच्याच सत्कारात त्यांना खुर्ची नाही. पाय बघा त्यांचे, मी इथून बघतेय."

हसू विरलं.

"आता तिसरी गोष्ट. एक जण इथे नाही, वर वॉर्डात आहे. सहापासून पोटात नुसता चहा. रोगी उघड्यावर टाकून टाळ्या घ्यायला आली नाही. आणि तिला तुम्ही औषध लिहिलंय मेमोचं. शिकाऊ होतात तेव्हा तुमच्या हातून चुकीचं इंजेक्शन जाणार होतं. सिस्टरने हात धरला होता, मेमो लिहिला नव्हता."

डॉक्टरांचे कान लाल झाले. ते हळूच म्हणाले, "बाई, आपण नंतर बोलू. बसा ना."

"घेतला म्हणा, मग बसते. त्याशिवाय मला हलता येत नाही. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

आणि त्या हलल्या नाहीत. पंखे घरघरत होते. एका देणगीदाराने घड्याळ बघितलं. तेवढ्यात दाराशी तबक फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला, मागोमाग दुसरं. जिन्यावर पावलं वाजली. पोरी परवानगीला थांबल्या नव्हत्या.

"घेतला," डॉक्टर म्हणाले.

"काय घेतलंत ते म्हणून दाखवा. आम्ही येणारीला म्हणायला लावतो."

"त्या... गेल्याच वर. खुर्च्या आणवतो. आणि मेमो निघणार नाही."

"कुणाच्याच नावाने?"

"कुणाच्याच नाही."

"पुढच्या वर्षी?"

"दोन वाजता ठेवणार नाही, बाई."

तेव्हा कुठे मेट्रनबाईंनी माईक सोडला. मागच्या भिंतीशी टाळ्या सुरू झाल्या, पण त्या ऐकायला त्या थांबल्या नाहीत. गुडघे कुरकुरत होते, तरी त्या जिना चढल्या.

चिमणी अठराव्या खाटेशी होती, दोघी पोरी तिच्या दोन बाजूंना.

"चिमणे, अगं, तुझा तो मेमो..."

चिमणीने मागे न बघताच तळहात वर केला: थांबा. "हे आजोबा विचारल्याशिवाय दुखतंय म्हणत नाहीत, लक्षात ठेव," ती पोरीला सांगत होती.

अजून चौदा खाटा बाकी होत्या. मेट्रनबाईंनी काचेचा दिवा खिडकीत ठेवला, टेबलावरचा चिमणीचा डबा उघडून ठेवला आणि मुकाट्याने वाट बघत बसल्या.