रिकामी पेटी

सुनेत्रा कॉलेजात गणित शिकवायची, आणि प्रोग्रॅम माणसाने हाताने लिहूच नये या मताची होती. काय हवं त्याच्या अटी गणितात मांडा, तसं उत्तर असतंच हे सिद्ध करा, त्या सिद्धतेतूनच प्रोग्रॅम निघतो. १९८७च्या रत्नागिरीत हे ऐकून घेणारा भेटणं म्हणजे कातळात पाणी लागणं. पण मुंबईच्या एका संस्थेतून दोन प्राध्यापक येणार होते. काम पटलं तर तिथे दोन वर्षं संशोधनाची जागा. सगळी धडपड त्या जागेसाठी होती.

आदल्या दिवशी तिने कॉलेजच्या एकुलत्या कॉम्प्युटरला सोपंसं काम दिलं. आकडे चढत्या क्रमाने हवेत. अट एवढीच, की पुढचा मागच्यापेक्षा लहान नसावा. प्रोग्रॅम निघाला. काहीही घाला, तो रिकामी यादी परत करी. मग उमगलं. नवऱ्याच्या बागेत आंबे भरताना बजावतात, पेटीत एकही डागी फळ दिसता कामा नये. रिकामी पेटी त्या हुकमात चोख बसते की! आत गेलेले सगळे आकडे बाहेर यावेत, हे तिने सांगितलंच नव्हतं. तिने ती अट घातली. दुसऱ्या दिवशी सगळं बिनचूक झालं, आणि पाहुण्यांनी जूनपासून यायला सांगितलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला, राजाभाऊंना सांगितलं. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती, पोरीला शिकायला अडवायचं नाही. आणि राजाभाऊ शब्दाचे पक्के, अशी गावभर ख्याती.

"मी कधी अडवलंय तुला? आईनं तरी अडवलंन् का? जा की खुशाल," सुपारी कातरत ते म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने चार वर्षांच्या लेकीचं, मैनाचं काय करायचं ते विचारलं.

"ते तुझं तू बघ. आई सांभाळायची नाही, आणि पोरीला मुंबईला मी पाठवायचा नाही. पण अडवलं असं म्हणू नकोस हो कुणाला."

भांडायला जागाच नव्हती. तिला राजाभाऊंची चीड आली, आणि त्याहून जास्त वडिलांची. एवढ्याशा अटीवर लेक देऊन मोकळे झाले होते ते.

जूनमध्ये कॉलेज उघडलं, तशी ती नेहमीच्या वर्गावर गेली. वाटेत शेजारच्या लीलावहिनी भेटल्या. नशीब काढलंत हो, म्हणाल्या, राजाभाऊ तुम्हाला कशाला म्हणून अडवत नाहीत.

"नाही अडवत," सुनेत्रा म्हणाली.