न वाजलेला जोड

मित्रांनो, मंगळवार पेठेतल्या छोट्या संग्रहालयात शिरलात, की डाव्या हाताच्या काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर, जुन्या कोल्हापुरी चपलांचा एक जोड दिसेल. तो मी. माझ्यापुढे पाटी आहे, ‘हात लावू नये’. अहो, हात न लावल्यानेच तर माझं वाटोळं झालं!

माझा जन्म याच पेठेत, एका कारागिराच्या ओट्यावर झाला. त्याने माझ्या तळाच्या दोन थरांमध्ये वाळलेलं बी बसवलं. चालताना तळ वाकला, की मी करकर वाजायचो. कळंब्याच्या बाळासोंनी मला हौसेने विकत घेतलं. काय रुबाब होता माझा! बाळासो गल्लीच्या तोंडाशी आले, की माझा आवाज ऐकून त्यांच्या पत्नी झुंबरबाई तव्यावर भाकरी टाकायच्या. दर अमावस्येला त्या मला तेल चोपडायच्या. “मालकापरास तुझंच लाड लई,” असं म्हणून मला चिडवायच्यासुद्धा.

पुढे बाळासो गेले. झुंबरबाईंची नजरही गेली. वडिलांची, म्हणजे आबांची, आठवण नीट राहावी म्हणून त्यांच्या लेकाने, अमरसिंहाने, मला इथे दिलं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पण तेलाने मखमलीला डाग पडतो, म्हणून तेल बंद झालं. वर दिवसभर दिवा तापायचा. मी आतून वाळत गेलो, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

गेल्या महिन्यात अमरसिंह आईला हाताला धरून इथे घेऊन आला. संग्रहालय सांभाळणारे आण्णा म्हणाले, “मावशी, हात लावून बघा की.”

“बघायचं न्हाय मला. ऐकायचं हाय. एकदाच.”

आण्णांनी पेटीचं कुलूप काढलं. अमरसिंहाने मला पायांत घातलं. वाज रे बाबा, आज तरी वाज, असं मी स्वतःलाच विनवत होतो.

तो चालला. पण लाकडासारखा झालेला तळ वाकेल तर ना! नुसतं टप टप झालं.

झुंबरबाई कान देऊन उभ्या होत्या. “घातलास न्हवं? चाल की रं.”

“चालतोय की आई.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, “ह्यो तुझ्या आबांचा जोड न्हवंच. माझ्या कानाला कळत न्हाय व्हय? चल, घरला जाऊ.”

“आई, ह्योच हाय गं!” अमरसिंहाला हुंदका आवरेना. पण त्या तोवर चाचपडत दाराकडे वळल्या होत्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिला नुसती काचेत कोंडू नका. पुसा, तेल लावा, जमेल तोवर वापरा. परवा आण्णांनी मला तेल चोपडलं. मखमल डागाळली, तळ मात्र वाकला नाही. मी बाळासोंचाच जोड आहे, हे आता झुंबरबाईंना कोण पटवणार?