इंचबाईची टेप

मी एक टेप आहे, शिंपीकामाची. एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने पांढरी, टोकाची पत्र्याची पट्टी कधीचीच निघून गेलेली. पण मला कमी लेखू नका. भल्याभल्यांनी माझ्यापुढे श्वास रोखलाय. मी कमरेभोवती फिरले की माणूस पोट आत ओढतो, मग तो साहेब असो की हमाल. पुढे कपडा घट्ट झाला की शिव्या मात्र टेलरला.

माझी मालकीण हे चालू देत नाही. "श्वास सोडा, मी फोटो काढत नाहीये," असं ती ठणकावते. अर्ध्या इंचासाठी भांडते म्हणून गिऱ्हाइकं तिला मागून इंचबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक मशीन, एक आरसा, आणि काजंबटणं करायला तिची धाकटी नणंद. दोघींचं दिवसभर वाजत असतं, आणि एकीवाचून दुसरीचं पान हलत नाही.

मग इंचबाईच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, एक बाजू गेली. जखम भरल्यावर ती आरशासमोर उभी राहिली आणि मला स्वतःच्याच छातीभोवती गुंडाळलं. आकडा बघून नणंदेला म्हणाली, "वन्सं, चला, कापड वाचलं." नणंद हसली आणि हसता हसता रडायला लागली. इंचबाईही रडली, खोटं कशाला सांगू.

पण खरा मार बसला तो वेगळाच. गिऱ्हाइकं दिलेलं कापड परत मागायला लागली. "तुम्ही आधी तब्येत सांभाळा, आमचं काय, कुठेही शिवून होईल." बोलणं गोड, पण नजर सांगायची की ही काही आमचा कपडा पुरा करायची नाही. मला असा संताप आला. एक बाई कोटाचं कापड काखोटीला मारून गेली आणि फळी रिकामी झाली. इंचबाई म्हणाली, "मी अजून गेले नाही, वन्सं, आणि यांनी सामान हलवायला सुरुवात केली."

केमोला निघताना तिने मला पर्समध्ये टाकलं.

"तिथे टेप कशाला?" नणंदेने विचारलं.

"मग तिथे बसून काय छत मोजू?"

केमोच्या खोलीत खुर्च्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकाच्या हाताला सलाईन, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मोठ्या सिस्टर तरातरा आल्या, सुई लावून झाली, आणि बाटली नीट करायला त्यांनी हात वर केला तशी गणवेशाची बाही खांद्यावर टर्रकन उसवली. इंचबाईला राहवेना.

"सिस्टर, तुमच्या टेलरने माप घेतलं होतं की अंदाज बांधला?"

सिस्टर आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही शिवून देणार का?"

देणार तर. पण तिचा एक हात सलाईनला अडकलेला, आणि माप घ्यायला हात लागतात दोन. शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त कंडक्टर होते, डोक्यावर केस नाही की डोळ्यांवर भुवई नाही. "ते टोक द्या इकडे," म्हणाले. अशी मी दोन आजारी माणसांच्या हातात ताणली गेले. कमरेशी पोचले मात्र, सिस्टरांनी पोट आत घेतलं. कंडक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "श्वास सोडा, सिस्टर. पुढे भरपूर जागा आहे."

सगळी ओळ हसली. पुढच्या खेपेला सिस्टर कापड घेऊन आल्या, कंडक्टरांनी कमरेत आत घ्यायला पँट आणली, आणि घरच्या फळीवर पुन्हा कपडे दिसायला लागले.

तरी इंचबाई वाळत चालली होती. अन्नाचा वास सहन होईना. डॉक्टरांनी बजावलं, वजन असंच उतरलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल. नणंद दर रविवारी माझ्याकडून तिची कंबर मोजून घ्यायची. एका रविवारी आकडा वाढला. मी लगेच ओळखलं, बाई पोट फुगवून उभी होती. जन्मभर लोकांना सुनावलं, आणि आता मलाच फसवायला निघाली.

नणंद शांतपणे म्हणाली, "वहिनी, श्वास सोड."

तिने सोडला. मी सैल पडले.

"मला भीती वाटते गं," इंचबाई म्हणाली. त्या दिवशी वन्सं नाही, काही नाही.

"मलाही वाटते. आधी हे सूप संपव."

तोंड वाकडं करत तिने ते संपवलं. पुढचा डोस थांबला नाही, त्याच्या पुढचाही नाही.

आता डोस झालेत, तपासण्या चालू राहणार आहेत. काल इंचबाईने स्वतःसाठी कोटाचं कापड काढलं. माप नणंदेने घेतलं, आणि या वेळी फसवाफसवी झाली नाही. कंबर होती तेवढीच भरली, म्हणजे अजून काडीच. पण कापताना इंचबाईने दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड जादा सोडलं.

"एवढं आत दुमडून काय करायचंय?"

"मी भरले की उसवून मोठा करायला नको? दर वेळी नवा कोट कोण घेणार, तुमचा भाऊ?"

माझे आकडे पुसट झालेत, पण ते चार-चार बोटं कापड मी स्वतः मोजलंय. तेव्हा ज्यांनी आपापली कापडं परत नेली त्यांना सांगते, दुसरीकडे शिवलेला तुमचा कोट काखेत आवळतोय, रस्त्याने जाताना दिसतं मला. घेऊन या. दुकान उघडं आहे आणि मालकीण मशीनवर बसलीय. फक्त मापाला उभे राहाल तेव्हा पोट आत घेऊ नका आणि फुगवूही नका. ती दोन्ही ओळखते, दुसरं तर स्वतःवरून.