वाढू का?

आमच्या घरी रोज संध्याकाळी एक राजपुत्र मरतो. बाहेरच्या खोलीत ह्यांची शिकवणी असते आणि परीक्षेला ते एकच जुनं शोकांत नाटक लागलंय, मग दुसरं कोण मरणार? शहराला वेढा पडलाय. राजाचा हुकूम आहे की वेशीचं दार उघडेल त्याला मृत्यू. बाहेर अडकून तहानेने तडफडणाऱ्या आपल्याच लोकांसाठी दार उघडतो तो राजाचाच मुलगा. राजा शब्दाला जागतो, मुलाला सुळावर चढवतो आणि घरी येतो. राणी विचारते, "वाढू का?" पडदा.

"या दोन शब्दांत नाटकाचं सार आहे," हे सांगतात. "राणीने क्षमा केली. कर्तव्य मायेपेक्षा मोठं असतं, हाच बोध." मुलं माना खाली घालून उतरवून घेतात. मी आत भाजी चिरत असते. मला कोण विचारतंय!

आमचा लेक ह्यांच्याच कॉलेजात शिकत होता. परीक्षेत कॉपी करताना ह्यांनीच त्याला पकडलं, दंड धरून वर्गाबाहेर काढलं आणि संध्याकाळी घराबाहेरही. "पोटच्या पोरालाही सोडलं नाही," असं पाहुण्यांना सांगताना ह्यांचा चेहरा काय खुलतो!

काल लेक दारात आला. नोकरी सुटलेली, खोली सुटलेली, गालफडं बसलेली, हातात एक पिशवी. शिकवणी रंगात आली होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थबकले. पुढे जायची माझी छाती झाली नाही.

"बाबा, थोडे दिवस राहू द्या. काम मिळालं की जातो."

ह्यांनी सावकाश चष्मा पुसला. "शेवटच्या प्रवेशाचा बोध सांग. बरोबर सांगितलास तर आतली खोली तुझी."

मुलं खुसखुसली. लेकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाबा रे, त्यांच्या मनासारखं बोल आणि एकदाचा आत ये.

"या दोन शब्दांत नाटकाचं सार आहे," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "राणीने क्षमा केली. कर्तव्य मायेपेक्षा मोठं असतं, हाच बोध." लहानपणापासून भिंतीआडून ऐकलेलं, चुकेल कसं? मला हायसं वाटलं. अंथरूण कुठलं घालायचं, तेही मनात ठरवून झालं.

"हे वाक्य माझं आहे," हे म्हणाले. "पुन्हा कॉपी!"

मुलं खो खो हसली. हसणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत तेच वाक्य होतं. ह्यांनी दाराकडे बोट दाखवलं. लेकाने पिशवी उचलली आणि निघाला. मला 'येतो' देखील म्हणाला नाही.

शिकवणी सुटल्यावर हे हात धुऊन टेबलाशी येऊन बसले. मला ह्यांचा गळा धरावासा वाटत होता. तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, "वाढू का?"

ह्यांनी चमकून वर पाहिलं आणि समाधानाने हसले. "बघ! मी काय शिकवतो!"

मी वाढलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मीठ बेताचं, तेल कमी. जेवणाआधीची रक्तदाबाची गोळी दिली, तीही न चुकता. क्षमा कसली! राणीला तो राजा जगायला हवा होता. खूप वर्षं, त्या रिकाम्या घरात, अगदी कुणी पाणी विचारणारं उरणार नाही तोवर. ह्यांनी पुरे म्हटलं, तरी मी आग्रह करून आणखी वाढलं.