एका फळीची वाट

बेहेडगावची मधली आळी खणून ठेवली, त्याला सव्वा महिना होत आला होता. वाशिंदच्या बाजूला चकचकीत रस्ते झाले, मग आपणच का मागे, म्हणून दोन हजार चार साली गावाने काँक्रीटचा रस्ता आणि गटार मंजूर करून आणलं. ठेकेदाराने जुनी खडी उखडली, आळीच्या तोंडाशी पुरुषभर खोल चर मारला आणि तो दुसऱ्या कामाला निघून गेला. मागे राहिली एक फळी. बावीस घरांची माणसं, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, सगळी त्या हातभर रुंद फळीवरून जीव मुठीत धरून ये-जा करत. आळीच्या दुसऱ्या टोकाला रस्ता नव्हताच. तिकडे भाताची खाचरं, आणि त्यापुढे ओहोळ.

गिरजा रोज झुंजूमुंजूला पडवीतली लोखंडी चावी उचलून निघे. कंबरेइतकी उंच, वर आडवा दांडा. त्या चावीने टाकीचा व्हॉल फिरवला की गावच्या नळांना पाणी येई. तिचा नवरा नामा पंचायतीचा पाणीवाला होता. तीन वर्षांपूर्वी तो काविळीने गेला, आणि पंचायतीने ते काम तिला दिलं.

रस्ता धड होता तोवर गिरजाची सकाळ कुणाला खुपली नव्हती. समोरून माणूस आलं की ती पदर पुढे ओढून कुडाला चिकटून उभी राही. कामाला निघालेल्याला विधवेचं तोंड दिसू नये, हे तिला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. सासू हौसाबाईकडे बघून ती शिकली होती. हौसाबाई तीस वर्षांची विधवा. उन्हं वर आल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे, आणि तेव्हाही मागच्या वाटेनेच जाई. पण फळीवर कुणी कुणाला टाळणार?

एका सकाळी शेखर, आळीत ज्यांचा शब्द चाले त्या धाऊ भोईरांचा पुतण्या, कारखान्यात मुलाखतीला निघाला होता. फळीवर मधोमध गिरजा समोर आली. ती बिचारी उलट्या पावलांनी मागे सरली, पण शेखरचं तोंड तेवढ्यात कडू झालं. नोकरी मिळाली नाही. चार दिवसांनी जनाबाईची, म्हणजे धाऊंच्या बायकोची, दुधाची किटली फळी हलल्यामुळे चरात गेली. तेव्हाही गिरजा नुकतीच पलीकडे गेली होती.

आळीतली मंडळी ठेकेदाराविरुद्ध तक्रार घेऊन तीनदा शहापूरला, तालुक्याच्या कचेरीत, जाऊन आली होती. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा मीटिंगमध्ये, एकदा म्हणे फाइल वर गेलेली. ठेकेदाराचा मुकादम सापडला तर एकच बोले, "खडी येतेय." रविवारी धाऊंच्या ओट्यावर सगळे जमले. ठेकेदारावर तासभर तोंडसुख घेऊन झालं. ठरलं मात्र काहीच नाही. मग कुणीतरी गिरजाचं नाव काढलं, आणि ते दोन मिनिटांत ठरलं.

धाऊंनी तिला बोलावून घेतलं. "हे बघ गिरजा, कुनाचा तुझ्यावर राग नाय. पन सकाळच्या टायमाला मानसा कामाला निघतात. तू आपली मागून जात जा. खाचरातून."

"मामा, मागून अर्धा तास लागतो. आनि ओहोळाची उतरन..."

"चार दिवसांचा तर काम हाय. रस्ता झाला का जा की पुढून."

घरी येऊन गिरजाने सासूला सांगितलं. हौसाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "जा गो मागून. मी नाय गेले जलमभर? कशाला उगा तोंड वाजवायचा."

गिरजा मागून जाऊ लागली. कापणीनंतरची ती खाचरं. तुटक्या धसांनी पोटऱ्या ओरबाडत. ओहोळाच्या घसरड्या काठावर जड चावी काठीसारखी टेकत ती उतरे. चार दिवस गेले, चौदा गेले. पाणी उशिरा आलं की नळावर बाया करवादत, "हिला पगार कशाचा देतात?" गिरजाच्या छातीत संताप भरून येई, पण तो काढायचा कुणावर? जो तो म्हणे, माझा नाही ग राग.

आणि एका सकाळी दगड निसटला, ती चावीसकट ओहोळात पडली. पाय घोट्यात मुरगळून भोपळ्यासारखा सुजला. तशीच खुरडत तिने टाकी गाठली, पाणी सोडलं. त्या दिवशी तासभर उशीर झाला, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. आळीत एकानेही विचारलं नाही, की बाई, लंगडतेस का?

त्याच्या तिसऱ्या दिवशी धाऊंच्या मुलीची, पूजाची, हळद होती. अंगणात मांडव पडला होता, आचारी चुली पेटवून बसले होते. धाऊंनी मागवलेला पाण्याचा टँकर चरापाशी येऊन परत गेला. नळ मात्र कोरडे. साडेसात झाले, आठ झाले. धाऊ तणतणत गिरजाच्या दारात आले. ती पायाला ओल्या हळदीचा लेप लावून पायरीवर बसली होती. चावी मांडीवर आडवी.

"गिरजा, अगो पानी! घरात कार्य हाय माझ्या, आनि तू बसून काय राहिलीस?"

"मी केव्हाची तयार हाय, मामा. तुमचीच वाट बघतेय."

"मग जा ना!"

"जाते. पन ह्या पायाने ओहोळ उतरायचा नाय. फळीवरून जाईन."

धाऊ घुटमळले. "आता नको गो. नवऱ्याकडची उष्टी हळद यायचा टाइम झाला. सवाष्नी येतील समोरून. त्या पुढं येऊ दे, मग..."

"मग कधी?" गिरजाचा आवाज चढला. "तुमची पूजा ज्या पान्याने न्हानार, ते पानी माझ्याच हाताचा ना? आचाऱ्याचा भात माझ्याच पान्यात शिजनार. माझा हात चालतो, तोंड नाय चालत? खड्डा मारला ठेकेदाराने, त्याला तुमी काय नाय बोललात. मला बोललात, कारन मी गप ऐकते. मी काम सोडत नाय, पानी अडवत नाय. पन मागून आता जानार नाय."

शेवटचा उपाय म्हणून धाऊ आत बघून म्हणाले, "हौसावहिनी, तू तरी सांग हिला."

हौसाबाई दारात आली. तिने सुनेचा सुजलेला पाय पाहिला. मग त्या सकाळच्या भर उजेडात ती उंबरा ओलांडून खाली उतरली.

"ऊठ. माझ्या खांद्याला धर."

दोघी आळीतून निघाल्या. ओट्याओट्यावर माणसं थबकली. फळीवर पाय ठेवतात तोच पलीकडून वाजंत्री आली, मागे ताटं घेतलेल्या पाच सवाष्णी. पुढच्या बाईचा पाय फळीवर पडला, आणि समोर दोन मोकळी कपाळं पाहून तिथेच थांबला. वाजंत्री बंद पडली. मांडवातून जनाबाई ओरडली, "गिरजा, मागं हो!"

गिरजा हलली नाही. "आमचा पाय आधी पडलाय. आमी उतरलो का तुमी या."

शेवटी ताटवाली बाई तोंड वाकडं करून मागे सरली. तिच्यामागे बाकीच्याही सरल्या. दोघी एकमेकींना धरून, हलणाऱ्या फळीवरून, पाऊल पाऊल टाकत पलीकडे गेल्या. फळी मोडली नाही. हळदीचं एक ताटही सांडलं नाही.

टाकीपाशी हौसाबाई धापा टाकत उभी राहिली. नवरा गेल्यापासून गावाच्या ह्या टोकाला सकाळची ती आली नव्हती. गिरजाने चावी व्हॉलवर बसवली आणि दांडा तिच्या हाती दिला.

"दोन आटे द्या, आत्या. डावीकडं."

हौसाबाईने सगळा जोर लावला. जमिनीखाली पाणी घुमत गावाकडे धावलं. थोड्या वेळाने मधल्या आळीतून हंड्या-कळशांचा खणखणाट आणि बायांची लगबग ऐकू आली. बाविसांतल्या एकाही घराने ते पाणी परतवलं नाही.

"तीस वरसा मी मागून गेले," हौसाबाई म्हणाली. तिचा हात अजून दांड्यावरच होता. "त्यात कुनाचा काय भला झाला गो?"

गिरजाने चावी काढून घेतली, सासूचा हात धरला. दोघी उतारावरून निघाल्या. खाली वाट फुटत होती. एक खाचरांकडे, एक चराकडे.

"फळीवरूनच ना?" हौसाबाईने विचारलं.

"फळीवरूनच."

आणि म्हातारी पुढे झाली.